एकतिसावी वॅगन

नानांनी वॅगन हातात घेतली आणि पहिलं काम काय केलं, तर ती उलटी केली.

"अहो नाना, आधी वरून तरी बघा!" मी जवळजवळ किंचाळलेच. "शिडी तुटेल. केसाएवढ्या पितळी तारेची आहे."

"वरून तं सारेच पाह्यतात," ते म्हणाले आणि अंगठ्याचं नख त्यांनी बोगीच्या, म्हणजे चाकांच्या सांगाड्याच्या, खाली घातलं.

सकाळचे साडेअकरा झाले होते. सव्वापाचला माझी पुण्याची गाडी होती. रेल्वेची मॉडेलं करणाऱ्या हौशी लोकांचं प्रदर्शन दुसऱ्या दिवशी तिथे उघडणार होतं आणि आठ महिने खपून केलेली माझी कोळशाची वॅगन त्यात मांडली जाणार होती. बॅग अर्धी भरली होती. इस्त्रीचे कपडे अजून आले नव्हते. आई स्वयंपाकघरातून तिसऱ्यांदा विचारत होती, की दशम्या किती देऊ. आणि मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत नानांच्या तोंडून एक शब्द ऐकायची वाट बघत होते. फिट.

हा शब्द आमच्या घरात साधा नव्हता. नाना, म्हणजे माझे वडील, चौतीस वर्षं रेल्वेत होते, त्यातली बरीचशी मालगाड्या तपासण्यात गेली. गाडी आमच्या जंक्शनच्या यार्डात आली, की लांब दांड्याचा हातोडा आणि खिशात खडू घेऊन इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत चालत जायचं, प्रत्येक वॅगनखाली वाकून बघायचं आणि मग गाडी फिट म्हणायचं. जिच्यात खोट सापडेल तिच्यावर खडूची फुली. ती सिक. गाडीतून तोडून तिची रवानगी सिक लाइनला, दुरुस्तीच्या रुळावर.

तो खडू घरीही यायचा. माझ्या सायकलचा ब्रेक सैल असला की सीटवर फुली. दप्तराचा पट्टा उसवला की दप्तरावर फुली, आणि तो शिवून होईपर्यंत पुस्तकं छातीशी धरून शाळेत जायचं. पुढे मला बघायला आलेल्या एका मुलाने बशीतला चहा तीनदा सांडला, तेव्हा तो गेल्यावर नाना गंभीरपणे म्हणाले होते, "सिक लाइनले टाका." आम्ही सगळे पोट धरधरून हसलो होतो. ते स्थळ अर्थातच बारगळलं.

माझा धंदा दातांचा. म्हणजे डॉक्टर नाही मी. आजूबाजूचे डेंटिस्ट मापं पाठवतात आणि मी घराच्या पुढच्या खोलीत कवळ्या आणि कॅपा बनवते. त्यासाठी थ्रीडी प्रिंटर घेतला होता. बशीभर पातळ रेझिनमध्ये प्रकाशाने थरावर थर घट्ट करत तो वस्तू घडवतो. दातांच्या कामातून मोकळा झाला, की मी त्याच्यात वॅगनी छापायचे. माझ्या पायाला भिंगरी आहे, एका जागी दहा मिनिटं बसवत नाही, असं आई म्हणते. ते खरंच आहे. पण हातात बारीक काम असलं की तेवढा वेळ डोक्यातली भणभण थांबते. यार्डाच्या कुंपणाशी वाढलेल्या मुलीने दुसरं काय बनवावं? खऱ्या वॅगनीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची, वीतभरसुद्धा नाही अशी ही वॅगन मी कॉम्प्युटरवर रिव्हेटसकट काढली होती. पहिल्या चार बॉड्या उन्हाळ्याने वाकड्या झाल्या. पाचवी जमली. बोगी वेगळी छापली, पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ फिल्मवर अक्षरं छापून घेतली, रंगाच्या बारीक पुडीने गंज चढवला. आत खऱ्या कोळशाचा चुरा.

आठ महिन्यांत नाना एकदाही पुढच्या खोलीत डोकावले नव्हते. काचबिंदूने त्यांची नजर दोन वर्षांपूर्वीच गेली होती हे खरं, पण घरभर ते भिंतीला हात न लावता फिरायचे. माझ्या टेबलाशी मात्र यायचे नाहीत. मला त्याचा राग होता. आयुष्य वॅगनीखाली काढलेला माणूस, आणि पोरीने केलेल्या वॅगनीला साधा हात लावत नाही? म्हणून त्या दिवशी मीच ती नेऊन त्यांच्या ओंजळीत ठेवली होती.

नख पुढच्या बोगीखालून हळूहळू सरकत होतं. उजवीकडे थांबलं, डावीकडे गेलं, परत उजवीकडे आलं.

"डावी पट्टी कोठी आहे?"

ब्रेकचा आडवा दांडा असतो, त्याची पिन निसटली तर तो रुळावर कोसळू नये म्हणून त्याच्याखाली दोन बाजूंना दोन लोखंडी पट्ट्या असतात. मॉडेलमध्ये ती पट्टी तांदळाच्या कणीएवढी होती. आदल्या दिवशी छापताना लागलेल्या आधाराच्या काड्या कापताना डावीकडची तुटून कुठेतरी उडाली. मी गुडघ्यावर बसून शोधली, मिळाली नाही, तेव्हा म्हटलं, मरू दे.

"तुटली ती, नाना. पण खाली कोण बघतंय? वॅगन रुळावर ठेवलेली असणार."

"खाली कोण पाह्यते," ते स्वतःशीच म्हणाले. मग विचारलं, "नंबर काय टाकला?"

"खराच टाकलाय. दोन एक सात चार सहा."

स्वयंपाकघरात लाटण्याचा आवाज थांबला. आई पिठाच्या हातांनीच दारात आली. नानांनी वॅगन सावकाश सतरंजीवर ठेवली आणि हात मांडीवर पुसले.

"हा नंबर तुले कोनं देला?"

"फोटोतून घेतला. तुमच्या ट्रंकेत तो फ्रेमचा फोटो आहे ना, सुरक्षा सप्ताहातला, तुम्ही चौघं वॅगनीसमोर उभे आहात तो. काचेवरूनच कॅमेऱ्याने टिपला आणि परत ठेवून दिला. पत्र्याचा पोचासुद्धा त्याच्यावरूनच..."

"हेमा," आई म्हणाली, "गप बस."

नाना उठले, न धडपडता ओसरीवर गेले आणि खुर्चीत बसले. आईने पदराला हात पुसले आणि दबक्या आवाजात मला एवढंच सांगितलं, "पिंपळदरीची वॅगन आहे ती."

पिंपळदरी मला माहीत होतं. मी बारा वर्षांची असताना त्या स्टेशनाजवळ कोळशाची गाडी घसरली होती. एक गँगमन दगावला होता, सुपडू नावाचा. चौकशी बसली, कारण निश्चित सांगता येत नाही असा निकाल आला, नाना सुटले. त्यानंतर त्यांनी अर्ज करून टेबलाचं काम मागून घेतलं. खडू घरी यायचा बंद झाला. पण ज्या वॅगनीपासून ते सगळं सुरू झालं तिचा नंबर घरात कोणी कधी उच्चारला नव्हता. मी तो आठ महिने घोकला होता, फिल्मवर पाच वेळा छापला होता आणि वर अभिमानाने वाचूनही दाखवला होता.

मला एका जागी उभं राहवेना. वॅगन उचलली, खाली ठेवली. बॅगेची चेन लावली, उघडली. शेवटी ओसरीवर गेले आणि नानांच्या पायाशी बसले.

"मी नंबर पुसते. दुसरा टाकते. नाहीतर जातच नाही पुण्याला."

"कायले? नंबरानं काय केलं?"

मग समोर यार्ड दिसत असल्यासारखं कुंपणाकडे तोंड करून बोलायला लागले.

"अठ्ठावन वॅगनी होत्या त्या गाडीले. मी तिसावी पाह्यली, इतकं पक्कं याद आहे. तितक्यात साहेबानं हाक मारली. बक्षिसाचा फोटो काढाचा होता. म्हने, भंगाळे, या लवकर, फोटोवाला खोळंबला. आता आमचा रिवाज असा, का मधी थांबलं तं जी वॅगन शेवटी पाह्यली तिच्यावर खडूनं आडवी रेघ मारायची. मंग परत आल्यावर चूक होत नही. म्या खडू काढला बी. साहेब म्हने, अहो तो खडू ठेवा खिशात, कपडे खराब करून घ्यान. म्या ठेवला."

"मग?"

"मंग फोटो झाला. आम्ही उभे होतो एकतिसावीसमोर. फोटो झाल्यावर मले वाटलं, मी अठीच उभा आहे म्हंजे ही पाह्यून झाली. मी बत्तिसावीपासून लागलो. का मंग एकतिसावीखाली वाकलो बी असन. वाकलो का नही, ते आठोत नही हेमे. एकोनीस वर्षं झाले. रोज वाकून पाह्यतो, आन् रोज आठोत नही."

घसरली ती एकतिसावीच. पिन निसटली, दांडा खाली आला, तो झेलायला पट्टी हवी होती. अपघातानंतर डावी पट्टी सापडली नाही. ती आधीपासूनच नव्हती, की घसरताना तुटून कुठे फेकली गेली, हे चौकशीला ठरवता आलं नाही.

"असती," नाना म्हणाले, "तं मी वाकलो का नही यानं काही फरक पडत नव्हता. नसती, तं तो सुपडू माह्यामुळं गेला."

मला एकदम सुचलं आणि मी ताडकन उठले.

"नाना, फोटो त्याच दिवशीचा आहे! फोटोवाला खाली बसून काढत होता, बोगी अख्खी दिसते. थांबा तुम्ही."

ते काहीतरी म्हणाले, पण मी तोवर आत पोचले होते. लॅपटॉप आणून ओसरीच्या कठड्यावर ठेवला, फोटो उघडला आणि मोठा केला. आठ महिने मी या फोटोत नंबर, पोचे आणि गंज पाहिला होता. चाकांच्या मधल्या अंधारात काय आहे हे बघायची मला गरजच पडली नव्हती, कारण खालचा सांगाडा मी तयार नकाशावरून केला होता.

चार माणसं हसत उभी. डावीकडून दुसरे नाना, काळ्या मिशांचे, खिशावर पांढरा डाग, खडूचाच असणार. त्यांच्या पायांच्या बाजूने बोगी. उजवी पट्टी दिसत होती, अगदी बोल्टसकट. मी डावीकडे सरकले. काळं होतं. उजेड वाढवला, तर काळ्याचं करडं झालं. आणखी वाढवला, तर करड्यात ठिपके उठले. पट्टी असेल, तर त्या ठिपक्यांत असेल. नसेल, तरी ते ठिपके असेच दिसले असते.

"काय दिसते?" नानांनी विचारलं. खुर्चीचा हात त्यांनी घट्ट धरला होता.

आई माझ्याकडे बघत होती. मी पडद्याकडे बघत होते.

"आहे," मी म्हणाले.

"काय आहे?"

"पट्टी. डावी. दिसतेय."

"नीट पाह्य, हेमे."

"नीट पाहिलं. दोन बोल्ट आहेत. उजवीसारखीच आहे, डिट्टो."

नाना वाकून बसले होते ते सरळ झाले. मला वाटलं, आता रडतील. रडले नाहीत. त्यांनी तोंडावरून हात फिरवला, एकदा, दोनदा.

"दोन बोल्ट?"

"दोन."

"मंग लाव ती," ते म्हणाले. "होती ना? मंग वॅगनीले पाह्यजे."

पाऊण वाजला होता. पट्टी छापायला पन्नास मिनिटं, नंतर स्पिरिटमध्ये धुणं, मग दिव्याखाली घट्ट करणं, रंग, चिकटवणं. मी प्रिंटर लावला आणि त्याच्यासमोर येरझारा घालायला लागले. मी कवळीचं माप केसभर चुकलं तर डॉक्टरांना फोन करून सांगणारी बाई, आणि या माणसाला, या जगातल्या सगळ्यात चिकट तपासनिसाला, तोंडावर खोटं सांगून मोकळी झाले होते. दर दोन मिनिटांनी वाटायचं, जाऊन सांगावं की चुकलं, दिसत नाही. दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. आई म्हणाली, "जेवून घे." मी म्हटलं, भूक नाही. ती म्हणाली, "मले बी नही," आणि बाजूच्या स्टुलावर बसून राहिली. खरं काय ते तिने मला विचारलं नाही.

पट्टी निघाली आणि दहाच मिनिटांत वीज गेली. घट्ट करायचा दिवा बंद. मी कपाळावर हात मारला.

"काय झालं?" नानांनी ओसरीवरून विचारलं.

"वीज गेली. हिला अतिनील दिव्याखाली ठेवायला लागतं, नाहीतर चिकट राहते."

"उनात नही चालत?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. चालतं की! बाहेर एवढं ऊन रणरणत होतं आणि मी दिव्याच्या नावाने रडत होते. एका बशीत ती कणीएवढी पट्टी ठेवून दिली. पण वाऱ्याने उडाली तर? नानांनी हात पुढे केला. "दे अठी." आणि भर दुपारी दोन वाजता, खांद्यावर पंचा टाकून, ती बशी दोन्ही हातांत धरून माझा बाप अंगणात उन्हात उभा राहिला. आई आत ये म्हणाली तरी आला नाही. पंधरा मिनिटं म्हटलं होतं मी. त्यांनी वीस काढली.

पट्टी चिकटवून, रंगवून, सुकवून होईपर्यंत साडेतीन झाले. मी वॅगन परत त्यांच्या ओंजळीत दिली. त्यांनी ती उलटी केली. नख उजवीकडून निघालं, डावीकडे गेलं आणि पट्टीवर थांबलं. एक बोल्ट. दुसरा बोल्ट. मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"पट्टी आहे," ते म्हणाले.

"आहे, नाना."

"घरात खडू असन का?" त्यांनी आईला विचारलं.

आईने रांगोळीच्या डब्यातून एक तुकडा काढून दिला. वॅगनीवर खूण करायला जागा नव्हती. मी वॅगन कापसात ठेवून खोक्याचं झाकण लावलं आणि त्यांचा हात धरून झाकणावर नेला. त्यांनी चाचपून मधोमध एक ठसठशीत बरोबरची खूण केली.

"फिट," नाना म्हणाले. "जाय आता, गाडी चुकन."

प्रदर्शनात माझ्या वॅगनीला दुसरं बक्षीस मिळालं. लोकांनी गंजाचं कौतुक केलं, शिडीचं केलं, कोळशाचंही केलं. दोन दिवसांत एकानेही ती उलटी करून पाहिली नाही.

नाना त्यानंतर चार वर्षं जगले. पुढच्या खोलीत येऊन बसायला लागले. मी काम करत असताना ते यार्डातल्या गोष्टी सांगायचे, छापून निघालेली प्रत्येक वॅगन नखाने तपासायचे आणि दोन तर चक्क सिक काढल्या. पिंपळदरीचं नाव त्यांनी परत काढलं नाही. मी मात्र ते खोटं घेऊन फिरत राहिले. कधी वाटायचं, केलं ते बरं केलं. कधी जेवताना त्यांच्याकडे बघवायचं नाही. सांगायचं मात्र राहून गेलं.

ते गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो हवा होता. आई म्हणाली, तोच घे, वर्दीतला, हसताना दुसरा नाही. मी ट्रंकेतून फ्रेम काढून स्टुडिओत नेली. स्टुडिओवाल्याने मागचे खिळे वाकवले, पुठ्ठा काढला, फोटो काचेपासून सोडवला आणि उलटा करून माझ्यापुढे ठेवला.

"ताई, मागे बरंच लिहिलंय हो. पुसायचं का?"

पेन्सिलचं लिहिणं होतं, नानांच्या अक्षरात. यार्डातल्या रजिस्टरमध्ये करायचे तशी आधी तारीख, मग नोंद. सगळ्यात वरची अपघातानंतर महिन्याभराची. "भिंगाने पाहिले. उजवी पट्टी आहे. डावीवर माझीच सावली. दिसत नाही." त्याखाली पुढच्या वर्षीची तारीख. "पुन्हा पाहिले. दिसत नाही." त्याखाली आणखी एक. अशा सोळा नोंदी होत्या. शेवटच्या दोन-तीन ओळी तिरप्या, एकमेकींवर चढलेल्या, त्यांची नजर जात होती तेव्हाच्या. तरी वाचता येत होतं. "दिसत नाही."

मी स्टुडिओतल्या स्टुलावर बसले. पाय हलवायचंही सुचेना. त्या फोटोत डावी पट्टी दिसत नाही, हे जगात एकाच माणसाला सोळा वेळा पाहून पक्कं ठाऊक होतं, आणि त्याच माणसाला मी सांगितलं होतं की दिसतेय, दोन बोल्ट आहेत. नीट पाह्य, हेमे, असं म्हणून त्यांनी मला एक संधीही दिली होती. मी तेच खोटं परत त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते सवयीप्रमाणे उलटं करून पाहिलं, खाली काही नाही हे त्यांना कळलं, आणि मग त्यांनी खडू मागितला.